झेंडा माझ्या हातात होता

बैलगाड्याची बारी, म्हणजे एक धाव, बारा-पंधरा सेकंदांत संपते. घाट लांब असला तर थोडी जास्त, इतकंच. तेवढ्यासाठी गाडामालकानं वर्षभर बैल पोसलेले असतात, धावपळ करून टोकन मिळवलेलं असतं, टेम्पो करून चार बैल आणि घोडी आणलेली असते, भावकीतली निम्मी माणसं कामाला सुट्टी टाकून सोबत आलेली असतात. बारी फसली तर त्या दिवशी पुन्हा मिळत नाही. मग कुणाला तरी बोल लावावा लागतो आणि तो बहुतेक वेळा सगळ्यांत लहान पोराला लागतो. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या यात्रांत खालच्या झेंड्याला उभा राहिलो, कमिटीत बसलो आणि नवख्या पोरांना शिक्षा केल्या. त्यातल्या पुष्कळ चुकीच्या होत्या. काही चुकीच्या आहेत हे मला तेव्हाच माहीत होतं.

हा खेळ सगळीकडे सारखा नाही, म्हणून थोडं सांगून ठेवतो. सातारा-सांगलीकडे दोन बैलांची छकडी सपाट रानात पळते आणि तिच्यावर ड्रायव्हर असतो. आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर आणि हवेलीच्या पट्ट्यात गाडा चढावर पळतो. त्या चढालाच घाट म्हणायचं. मागे जुवाला दोन बैल, त्यांच्यापुढे आणखी दोन आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. बैल घोडीच्या मागे धावतात, म्हणजे गाडा हाकायचं खरं काम घोडीवर बसलेल्या पोराकडे असतं. वजन कमी हवं म्हणून तिथं पोरगाच बसवतात. घोडी फार पुढे गेली की बैलांचा जोर तुटतो. जवळ राहिली तर पुढच्या जोडीची शिंगं तिच्या मांड्यांपाशी येतात. वरची रेषा ओलांडली की तिला झटक्यात बाजूला काढायची, तीही जिकडे माणसं नाहीत तिकडे, आणि समोर भंडारा आणि धूळ उडालेली असताना.

खाली जुंपणाऱ्यांचं काम याहून सोपं वाटतं, पण नाही. चार तापलेले बैल दाबून धरायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी सोडायचे. एकानं पापणी लवण्याइतका आधी दोर सोडला तरी गाडा तिरपा निघतो, चाक कडेच्या माणसांकडे जातं. नवखा पोरगा चुकतो तो इथं, नाहीतर घोडीवर. बाकी कामांत नवख्याला चुकायला जागाच कमी.

माझा जन्म चिखलीचा. घरात आजोबांपासून गाडा. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, त्याआधीपासूनच आमच्यातले बरेच जण भोसरी एमआयडीसीत जात होते. मीही एका कारखान्यात चिकटलो आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. आता कुदळवाडीकडून स्पाइन रोडला निघालं की बैल चारायचं रान राहू द्या, बैल उभा करायची जागा दिसत नाही. तरी इमारतीच्या पार्किंगमध्ये मॅट टाकून, पंखा लावून बैल बांधणारी माणसं आमच्याकडे आहेत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मोजावं लागतं.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. त्याआधीही २०११ पासून बैलाचं नाव खेळांसाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या केंद्राच्या यादीत गेल्यामुळे बंदी, स्थगिती, परत बंदी असं चालू होतंच. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, त्यालाही उच्च न्यायालयात अडथळा आला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि पुढे १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. या तारखा आमच्याकडे पोरांना बोर्डाच्या निकालापेक्षा जास्त पाठ आहेत. आम्ही मोर्चे काढले, गुलाल उधळला, बैल जगले म्हणून देवाला नारळ फोडले.

पण एक हिशेब आमच्यापैकी कुणी केला नाही. २०१४ ला जो पोरगा बारा वर्षांचा होता तो २०२२ ला विशीत होता. मधली साडेसात वर्षं तो घाटात उभाच राहिला नव्हता. चोरून झालेल्या शर्यतींत लहान पोरांना कोण नेतो? आम्ही त्याच वयात बापाच्या, चुलत्याच्या पायाशी उभं राहून शिकलो. आधी बैलाला पाणी दाखवायचं, मग कासरा धरायचा, मग कधीतरी जुंपताना शेजारी उभं राहायचं. घोडीवर बसायला मिळायचं ते त्यानंतर. या पोरांनी हे सगळं मोबाइलवर पाहिलेलं. २०२२ मध्ये घाट एकदम उघडले. आमच्या चिखलीत जाधववाडीच्या रामायण मैदानावर मे अखेरीस जी शर्यत झाली, तिला जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर अशी बक्षिसं होती. म्हणजे शिकायची वर्षं गेली शून्यात आणि परीक्षा आली थेट जेसीबीची. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी त्या वर्षी नवखा पोरगा चुकला की मी म्हणायचो, “एवढंपण कळत नाही का रे तुला?” त्याला कळायचं कुठून, हे मी विचारलं नाही.

त्याच वसंतातली एक यात्रा. गावाचं नाव घेत नाही, कारण चूक माझी आहे, गावाची नाही. आमच्याकडे वरून घाट मोकळा असल्याची खूण आली की खालचा माणूस झेंडा वर धरतो. झेंडा वर गेला की जुंपणाऱ्यांनी गाडा सोडायचा आणि बैल रेषेवर आले की झेंडा खाली. तिथून घड्याळ चालू. त्या दिवशी रीळ काढणारी पोरं सारखी रेषेच्या आत शिरत होती. निवेदक माइकवरून ओरडून दमला होता. एक गाडा जुंपून तयार होता, पुढे घोडीवर विशीतला पोरगा, पहिल्यांदाच बसलेला. एवढ्यात घोडी सुटली. तिच्यामागे बैल सुटले. घाट मोकळा नव्हता. मध्यावर दोन माणसं रस्ता ओलांडत होती, त्यातला एक म्हातारा जेमतेम कडेला पडला. नशिबानं खरचटण्यावर निभावलं. बारी बाद.

मी माइक मागून घेतला. पोरगा घोडी फिरवून खाली येत होता तोवर मी त्याला त्या हंगामात कुठल्याच घाटात घोडीवर बसू देऊ नका असं जाहीर करून मोकळा झालो होतो. कमिटीला तसा अधिकार आपल्या यात्रेपुरता. पण घाटवाल्यांची एकमेकांत ओळख असते आणि एका कमिटीनं नाव घेतलं की बाकीचे ऐकतात. पोरगा जवळ येऊन म्हणाला, “नाना, झेंडा...” मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. “झेंडा मला शिकवतोस?” एवढंच म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडक पंच म्हणून माझं नाव झालं, ते मला आवडलंही.

दोनेक आठवड्यांनी कुणीतरी ग्रुपवर त्या बारीचा व्हिडिओ टाकला. मी तो चहा पिता पिता पाहिला आणि परत पाहिला. रीळवाल्या पोरांना मागे सारण्यासाठी मी उजवा हात वर केला होता. झेंडा त्याच हातात होता. घोडीवरच्या पोरानं झेंडा वर गेलेला पाहिला आणि शिकवल्याप्रमाणे टाच मारली. म्हणजे त्यानं नियम पाळला होता. हंगाम अजून बराच बाकी होता. एक फोन केला असता तर पोरगा पुढच्या यात्रेत घोडीवर बसला असता. मी फोन केला नाही. ग्रुपवर कुणी काही म्हणालं नाही, म्हणून मीही नाही. स्वतःला सांगत राहिलो, म्हाताऱ्याचा जीव जाता जाता वाचला, थोडी जरब बसली ते बरंच झालं.

मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती वेगळ्या कारणानं. शिक्षा ठरवायचं हेच काम मी कारखान्यात पगार घेऊन करत होतो आणि तिथं असा कधी वागलो नव्हतो. कारखान्यात तेव्हा आदर्श स्थायी आदेश होते. त्यांत शिक्षा ठरलेल्या होत्या. समज द्या, दंड करा, चार दिवसांपर्यंत निलंबित करा, नाहीतर बडतर्फ करा. मोठी शिक्षा करायची तर आधी आरोपपत्र, मग कामगाराचं म्हणणं, मग चौकशी. आणि एक कलम असं होतं की शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य, आधीचं रेकॉर्ड आणि बाजूची परिस्थिती बघा. प्रेसवर नवीन लागलेल्या पोरानं डाय फोडली तर मी आधी विचारायचो, याला ट्रेनिंग कुणी दिलं, रजिस्टरवर कुणाची सही आहे, सेटिंग कुणी केलं होतं. कित्येकदा पोराऐवजी सेटरला मेमो गेला. चार दिवसांच्या वर निलंबन कुणी सुचवलं असतं तर मी त्याला कलम काढून दाखवलं असतं. आणि रविवारी घाटात एका पोराला हंगामभर घरी बसवलं, त्याचं एक वाक्य पूर्ण न ऐकता. युनियन नव्हती ना तिथं. आणि मोबदला घेत नसल्यामुळे आपण न्यायीच असणार असं वाटायचं.

दुसरी चूक अंगाला लागली, पण माझ्या नाही. जुंपताना दोर आधी सोडणाऱ्या एका पोराला मी शिक्षा म्हणून वर पाठवलं, बैल धरायला. दिवसभर तिथंच राहायचं, खाली यायचं नाही. मला वाटलं, चार शिव्या खाईल, उन्हात तापेल, डोकं ताळ्यावर येईल. आता वर काय असतं ते सांगतो. चार बैल चढ ओलांडून पूर्ण वेगात येतात, त्यांना थांबायचं ठाऊक नसतं, गाडा मागून ढकलत असतो. अंगावर घेऊन, कडेनं धावत, वेसण नाहीतर कासरा हाताला लागेपर्यंत सोबत पळून त्यांना थांबवायचं. घाटातलं सगळ्यांत जोखमीचं काम ते. तिथं जुनी, मुरलेली माणसं लागतात. ज्याला उभा बैल धरता आला नाही त्याला मी धावता बैल धरायला पाठवला. दुपारनंतर एका बारीला तो चाकाच्या बाजूनं आत घुसला आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. रुग्णवाहिका होती म्हणून लगेच हलवता आलं. दवाखान्यात त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, तुम्ही होता म्हणून बरं झालं.” तिला कुणी सांगितलं नव्हतं की वर कुणी पाठवलं. मी पण सांगितलं नाही. दवाखान्याचं बिल भरलं. लोक म्हणाले, नानांचं मन मोठं.

आपल्याकडे शिक्षा आणि अंगमेहनत यांची सांगड कुणी घातली देव जाणे. शाळेत अंगठे धरायचे, तालमीत जोर काढायचे. ज्याला दोर सोडायची वेळ कळत नाही त्याला वेळ शिकवायला पाहिजे होती. रिकाम्या गाड्यावर, थंड बैलांवर, शंभर वेळा. पण ते करायला शिकवणारा लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो. शिक्षा करायला फक्त तोंड लागतं.

नवख्यांचं हे इतर खेळांत वेगळं चालतं. पुण्याच्या रेसकोर्सवर माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पावसाळी हंगामात जातात. त्यांच्यासोबत मी एकदा गेलो. पैसे लावायला नाही, बघायला. तिथं नवख्या जॉकींना अप्रेंटिस म्हणतात. ते एखाद्या ट्रेनरच्या हाताखाली असतात आणि त्यांना वजनात सूट मिळते, म्हणजे त्यांच्या घोड्यावर कमी वजन. शर्यती जिंकत गेले की सूट कमी होत जाते. शर्यतीत कुणी आडवा आला, धक्का लागला तर कारभारी स्टुअर्ड्स चौकशी लावतात, शर्यतीचं चित्रण पाहतात, जॉकीला समोर बोलावून विचारतात आणि मग अमुक दिवस बंदी. त्यावर अपील करता येतं. अमेरिकेत दोन चाकांच्या सल्कीला घोडा जुंपून शर्यती होतात, त्या आपल्या गाड्याच्या जास्त जवळच्या. तिथं घोड्यानं ठरलेल्या चालीतच पळायचं असतं. चौखूर उधळला तर ड्रायव्हरनं त्याला कडेला घेऊन पुन्हा चालीवर आणायचा, तशाच उधळलेल्या घोड्यानं पुढे मुसंडी मारलेली चालत नाही. आपल्या बैलवाल्यांना सांगितलं तर हसतील. पण तिथल्या संघटनेचं लायसन्स टप्प्याटप्प्यानं मिळतं. आधी पात्रता शर्यती, ज्यांवर पैसा लागत नाही. मग तात्पुरतं, मग पूर्ण. नवखा चुकेल हे त्यांनी धरूनच ठेवलंय आणि चुकायला एक स्वस्त जागा करून दिलीय. तिथंही लबाड्या चालतात, पैसा आहे म्हटल्यावर चालणारच. मला भुरळ पडली ती त्या पात्रता शर्यतींची. आमच्याकडे पोराची पहिली बारी हीच त्याची खरी बारी, चार-पाच हजार माणसांसमोर.

आता तिसरी चूक, तिच्यावर मी सहसा बोलत नाही. ती कडकपणाची नाही, उलट आहे. २०१७ च्या नियमांत सगळं स्पष्ट आहे. धाव हजार मीटरच्या आत, काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना बंदी, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी, आयोजकाकडून पन्नास हजारांची अनामत. आणि कायद्यात बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. एका यात्रेत नामांकित गाडा होता. त्याला जुंपणाऱ्यांत एक पोरगा नवीन होता, पण हाताला चलाख. बारी झकास झाली. गाडा सोडताना मला पोराच्या मुठीत काहीतरी चमकल्यासारखं दिसलं. नंतर बाजूला घेऊन मूठ उघडायला लावली तर खिळा. मी तो घेतला, उसात भिरकावला आणि त्याला म्हणालो, “परत दिसला तर बघ.” बस. कमिटीला सांगितलं नाही, पशुवैद्यकाला सांगितलं नाही, बारी बाद केली नाही. बक्षीस त्यांनीच नेलं.

का? कारणं माझ्याकडे तयार होती. शर्यतींचा खटला तेव्हा अजून न्यायालयात, असं काही बाहेर आलं तर सगळ्यांच्याच पोटावर पाय. गाडामालक मोठा, गावाला वर्गणी देणारा. पण खरं कारण हे की बारी चांगली झाली होती. ज्या पोरानं झेंडा पाहून घोडी सोडली त्याची बारी फसली, म्हणून तो दोषी. ज्यानं बैलाला खिळा टोचला त्याची बारी जमली, म्हणून त्याला कानपिचकी. मी चूक मोजतच नव्हतो, मी घड्याळ मोजत होतो. आणि तो खिळा त्या पोराच्या डोक्यातून आलेला नव्हता. विशीतल्या पोराला कोण सांगतं की कुठं टोचलं की दिसत नाही? ज्यानं सांगितलं तो त्या दिवशी स्टेजवर फेटा बांधून बसला होता. त्याला विचारायची माझी छाती झाली नाही.

नंतर काही बदललं, थोडंसं. मी आहे त्या कमिटीत आता घोडीवर आणि जुंपायला कोण आहे त्यांची नावं आधी लिहून घेतो आणि पहिल्यांदाच असेल तर शेजारी जुना माणूस उभा करायला लावतो. पोरगा चुकला तर नोंद त्या जुन्या माणसाच्या नावावर. यावर फार कटकट होते. एक गाडामालक म्हणाला, “नाना, हे काय कंपनी आहे का?” बंदी घालायची तर संध्याकाळी, चित्रण बघून आणि पोराला विचारून. कायद्यामुळे चित्रीकरण होतंच, ते आम्ही इतके दिवस फक्त सरकारी कागदासाठी ठेवत होतो. झेंडे आता दोन रंगांचे आहेत आणि गर्दी हटवायचं काम झेंडेवाल्याकडे नाही. सकाळी शर्यत सुरू व्हायच्या आधी नवख्यांना रिकाम्या घाटात घोडी पळवू द्यावी असं मी सुचवलं, ते मात्र कुणी मनावर घेतलं नाही. टोकनं इतकी असतात की सूर्य मावळेपर्यंत बाऱ्या उरकत नाहीत, सराव कधी करणार?

त्या पहिल्या पोराला मी गेल्या वर्षी गाठलं. चाकणजवळ एका कंपनीत लागलाय, सेकंड शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकात भेटला. चहा घेतला. मी सगळं सांगितलं. हात वर गेला तो, व्हिडिओ पाहिला ते, फोन केला नाही ते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला माहीत होतं, नाना. तो व्हिडिओ माझ्या भावानंच काढलेला.”

“मग तेव्हाच का नाही दाखवलास?”

“दाखवून काय करणार? पुढच्या वर्षी पण झेंड्याला तुम्हीच असणार होता ना.”

मी विचारलं, यंदा बसतोस का घोडीवर, मी बोलतो कमिटीत. तो म्हणाला वजन वाढलंय, आणि शनिवारी ओव्हरटाइम असतो. मग चहाचे पैसे द्यायला मी खिशात हात घातला तर त्यानं आधीच दिले होते.